पत्ता बरोबर, माणूस दुसराच

२५ डिसेंबर १९९४. कॅलिफोर्नियात नाताळची दुपार. सॅन डिएगोजवळच्या एका घरातल्या संगणकांत कुणीतरी शिरलं. घर त्सुतोमु शिमोमुरा यांचं. सॅन डिएगो सुपरकॉम्प्युटर सेंटरमधले हे संशोधक संगणकसुरक्षेतले जाणकार म्हणून ओळखले जात. ते सुट्टीवर होते. घुसखोराकडे त्यांचा पासवर्ड नव्हता आणि त्याची त्याला गरजही पडली नाही. घरातलं एक यंत्र दुसऱ्याला फक्त नेटवर्कवरच्या पत्त्यावरून ओळखत होतं. तेवढं पुरलं.

नेटवर्कवरून जाणाऱ्या पॅकेटांची नोंद तिथे ठेवली जात होती आणि ती नोंद वाचली. त्यामुळे या घुसखोरीचा हिशेब सेकंदापर्यंत लागतो. पुढच्या वेळा मुद्दाम बंगळुरूच्या घड्याळाने दिल्या आहेत. कॅलिफोर्नियात दुपारचे सव्वादोन वाजतात तेव्हा इथे दुसऱ्या दिवसाची पहाट असते, पावणेचार. जगभरच्या कंपन्यांचे फाइल सर्व्हर आज या शहरातून सांभाळले जातात. नेटअॅपसारख्या स्टोरेज कंपनीचं मोठं केंद्रही इथेच आहे. ‘या पत्त्याला फाइल द्या’ ही ओळ सर्व्हरमध्ये लिहिणारा हात अनेकदा व्हाइटफील्डमध्ये किंवा आउटर रिंग रोडवर असतो.

जवळपास दहा वर्षं आधी : १९८५

सन मायक्रोसिस्टिम्स नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, बाजारात आणते. डिस्क महाग आहे, म्हणून ती एकाच सर्व्हरला द्यायची आणि बाकीच्या यंत्रांनी आपल्या फाइली तारेवरून मागून घ्यायच्या, अशी ही व्यवस्था. काही यंत्रांना तर स्वतःची डिस्कच नसते. असं यंत्र सुरू होताना आपला हार्डवेअर क्रमांक सांगून विचारतं, ‘माझा पत्ता काय?’ सर्व्हर पत्ता सांगतो. मग यंत्र सुरुवातीचा प्रोग्राम मागतं, आणि त्या फाइलचं नाव म्हणजे त्याचाच पत्ता, षोडशमान अंकांत लिहिलेला. आजच्या ओळखीचा १९२.१६८.१.५ हा पत्ता घेतला तर नाव होतं ‘सी०ए८०१०५’. पुढे यंत्र आपली मूळ डिरेक्टरी मागतं. सर्व्हर ‘एक्स्पोर्ट्स’ नावाची यादी उघडतो, विचारणाऱ्याचा पत्ता तीत आहे का ते पाहतो आणि असेल तर देतो.

या सगळ्यात पासवर्ड कुठेही विचारला जात नाही. एका इमारतीत एकच तार आणि त्या तारेवर सगळी ओळखीची यंत्रं असताना कुणाला तशी गरजही वाटत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत रॉबर्ट टॅपन मॉरिस हा तरुण बेल लॅब्जच्या एका अहवालात या विश्वासातली फट दाखवतो. दोन यंत्रांचं संभाषण तीन पॅकेटांनी सुरू होतं. पहिल्यात विनंती असते. दुसऱ्यात उत्तर आणि त्यासोबत एक क्रमांक. तिसऱ्यात तोच क्रमांक, त्यात एक मिळवून, परत सांगावा लागतो. क्रमांक आधीच ओळखता आला, तर दुसऱ्याच्या पत्त्यावरून आल्याचं सोंग करून बोलता येईल. उत्तर खऱ्या मालकाकडे जाईल, सोंगाड्याच्या हाती पडणार नाही. पण क्रमांक ठाऊक असल्यावर उत्तर ऐकायचं कशाला? (हाच मॉरिस १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या पहिल्या मोठ्या वर्ममुळे जगाला माहीत झाला.)

याच १९८५ साली बंगळुरूत, मिलर्स रोडवरच्या सोना टॉवर्समध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं केंद्र उभं राहतं. उपग्रहामार्फत दूरदेशीच्या यंत्रांवर काम करण्याची या शहराची सवय तिथून सुरू होते.

पावणेसहा वर्षं आधी : एप्रिल १९८९

एटी अँड टी बेल लॅब्जचे स्टीव्ह बेलोविन इंटरनेटच्या नियमावलीतल्या सुरक्षेच्या उणिवांवर लेख लिहितात. मॉरिसची फट त्यात पुन्हा, आणखी स्पष्टपणे मांडलेली आहे. लेख वाचला जातो, त्याचे दाखले दिले जातात, पण बहुतेक यंत्रांतले क्रमांक पूर्वीसारखेच ठरावीक पावलांनी वाढत राहतात. सूचना देऊन झाली आहे. आता उरला आहे तो वेळ.

त्या पहाटेची मांडणी

शिमोमुरा यांच्या व्यवस्थेतली तीन यंत्रं महत्त्वाची आहेत आणि त्यांच्याच लेखातली साधी नावं इथे घेतो. पहिलं ‘सर्व्हर’ : सोलारिस १ चालवणारं स्पार्कस्टेशन. दुसरं ‘एक्स-टर्मिनल’ : डिस्क नसलेलं स्पार्कस्टेशन, सर्व्हरच्या जिवावर चालणारं. तिसरं ‘टार्गेट’ : ज्याच्यासाठी सगळा खटाटोप चालला आहे ते.

एक्स-टर्मिनल सर्व्हरवर पूर्ण विश्वास ठेवतं. सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेला हुकूम ते पासवर्ड न विचारता पाळतं, अगदी रूट म्हणून, म्हणजे यंत्राचे सर्वाधिकार देऊन. ज्याच्याकडून आपली मूळ डिरेक्टरीच येते त्याच्यावर संशय तरी कसा घ्यायचा?

३:३९:३२ : उणे ९ मिनिटं ५ सेकंद

सॅन फ्रान्सिस्कोतल्या जॉन गिलमोर यांच्या ‘टोड’ या यंत्रावरून पहिली चौकशी येते. ‘फिंगर’ हा साधा हुकूम विचारतो, टार्गेटवर आत्ता कोण लॉगिन आहे? पुढच्या सुमारे दीड मिनिटात हाच प्रश्न सर्व्हरला आणि एक्स-टर्मिनललाही जातो. यात बेकायदा काही नाही. त्या काळात कुणीही कुणालाही हे विचारू शके आणि यंत्रं उत्तर देत.

३:४१:३८ : उणे ६ मिनिटं ५९ सेकंद

आता ‘शोमाउंट’. फाइली कुठल्या पत्त्यांना दिल्या जातात याची यादी मागणारा हुकूम. अकरा सेकंदांनी ‘आरपीसीइन्फो’, म्हणजे यंत्रावर कोणत्या सेवा चालू आहेत त्याची विचारणा. आणखी सोळा सेकंदांनी रूटबद्दल शेवटची फिंगर.

विचारणाऱ्याला फाइली नको आहेत. कोण कुणावर विश्वास ठेवतं याचा नकाशा त्याला हवा आहे, आणि पत्त्यावरून फाइल देणाऱ्या व्यवस्थेत तो नकाशा मागणाऱ्याला मिळतो. यानंतर सहा मिनिटं काहीच घडत नाही.

३:४८:२२ : उणे १५ सेकंद

सर्व्हरच्या ५१३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे लॉगिनच्या दारावर, संभाषण सुरू करण्याच्या तीस विनंत्या येतात. त्यांच्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता अशा जागेचा आहे जिथून कधीच उत्तर येणार नाही. सर्व्हर पहिल्या आठ विनंत्यांना उत्तर देतो आणि तिसऱ्या पॅकेटची वाट पाहत बसतो. आठांतच रांग भरते. आता त्या दारावर काहीही आलं तरी सर्व्हर गप्प राहील.

हे गप्प करणं महत्त्वाचं आहे. सोंग ज्याचं घ्यायचं तो मध्येच ‘मी हे बोललोच नाही’ म्हणाला, तर एक्स-टर्मिनल संभाषण तोडेल.

३:४८:२५ : उणे १२ सेकंद

शिकागोच्या लोयोला विद्यापीठातल्या ‘अपोलो’ या यंत्रावरून एक्स-टर्मिनलकडे लागोपाठ वीस विनंत्या. प्रत्येकीला एक्स-टर्मिनल आपला क्रमांक देतं आणि अपोलो लगेच संभाषण मोडतं. हवा आहे तो फक्त क्रमांक. प्रत्येक नवा क्रमांक आधीच्यापेक्षा बरोबर १,२८,००० ने मोठा आहे. विसावा क्रमांक २०२,४२,५६,००० येतो. एकविसावा कोणता असेल हे आता शाळकरी पोरही सांगेल.

३:४८:३६ : उणे १ सेकंद

सर्व्हरच्या पत्त्यावरून आल्याचं भासवणारं पॅकेट एक्स-टर्मिनलकडे जातं. एक्स-टर्मिनल उत्तर पाठवतं ते खऱ्या सर्व्हरकडे. सर्व्हर रांग भरल्यामुळे गप्पच. अर्ध्या सेकंदाने तिसरं पॅकेट येतं आणि त्यात क्रमांक आहे २०२,४३,८४,००१. अंदाज अचूक. एक्स-टर्मिनलच्या दृष्टीने सर्व्हरशी संभाषण जुळलं आहे.

३:४८:३७ : शून्य

एकच हुकूम : ‘आरहोस्ट्स’ या फाइलच्या शेवटी दोन अधिकचिन्हं जोडा. + +. पहिलं चिन्ह म्हणजे कोणतंही यंत्र, दुसरं म्हणजे कोणताही वापरकर्ता. विश्वासाची यादी सगळ्या जगासाठी उघडी झाली.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. एक्स-टर्मिनलला स्वतःची डिस्क नाही. त्याची मूळ डिरेक्टरी, आणि म्हणून ती आरहोस्ट्स फाइलही, नेटवर्कपलीकडे सर्व्हरच्या डिस्कवर आहे. गुदमरलं होतं ते फक्त लॉगिनचं दार. फाइली देण्याघेण्याचं काम सुरूच होतं. एक्स-टर्मिनलच्या पत्त्यावरून ‘हे लिहा’ अशी विनंती आली, पत्ता यादीत होता, सर्व्हरने लिहून घेतलं. ज्याच्या नावाने फसवणूक झाली, त्याच्याच हातून तिची नोंद झाली. आणि दोन्ही यंत्रांनी या वेळात आपला एकही नियम मोडला नाही.

अधिक १५ सेकंद

खोटं संभाषण बंद होतं. सर्व्हरकडे सुटकेची पॅकेटं जातात, रांग रिकामी होते, लॉगिनचं दार पुन्हा चालू होतं. सर्व्हरच्या नावाने आलेल्या पहिल्या खोट्या पॅकेटपासून संभाषण बंद होईपर्यंत लागले सोळा सेकंदांहून कमी.

अधिक ३३ मिनिटं : पहाटे ४:२१

घुसखोर आता एक्स-टर्मिनलवर रूट आहे. त्याने तिथेच एक छोटा प्रोग्राम तयार करून यंत्राच्या गाभ्यात बसवला आहे. एक्स-टर्मिनलवरून टार्गेटमध्ये आधीच उघडलेलं एक लॉगिन आहे. पासवर्ड देऊन, रीतसर उघडलेलं. तो प्रोग्राम ते संभाषण ताब्यात घेतो. अगदी पहिल्या पावलात फिंगरने ज्याची चौकशी केली होती ते टार्गेट हाती आलं. टार्गेटने बिचाऱ्याने पासवर्ड मागितला होता. पण जिथून पासवर्ड टाइप झाला, ते यंत्र पत्त्यावर विसंबून होतं.

बंगळुरूत सोमवार उजाडतो. शहरातली थोडी ऑफिसं एसटीपीआय या सरकारी संस्थेच्या उपग्रह जोडण्यांवर, भारतीय विज्ञान संस्था अर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या नेटवर्कवर. सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला अजून आठ महिने आहेत. विदेश संचार निगम ते १५ ऑगस्ट १९९५ ला देणार आहे.

पुढचे दिवस

चोरी उघडकीला आली ती नोंदवहीमुळे. शिमोमुरा यांच्या यंत्रांच्या नोंदी आपोआप सुपरकॉम्प्युटर सेंटरमध्ये पाठवल्या जात. तिथल्या अँड्र्यू ग्रॉस यांच्या लक्षात आलं की नवी नोंद आधीच्यापेक्षा लहान आहे. नोंदवही वाढते, आटत नाही. कुणीतरी पुसापुशी केली होती.

अधिक २९ दिवस, २३ जानेवारी १९९५ : अमेरिकेची सर्ट ही संस्था खोट्या पत्त्यांच्या हल्ल्यांबद्दल जाहीर इशारा देते. दोनच दिवसांनी शिमोमुरा सगळा तपशील, पॅकेटांच्या नोंदींसह, प्रसिद्ध करतात.

अधिक ५२ दिवस, १५ फेब्रुवारी : केविन मिटनिक या हॅकरला नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅलेमध्ये अटक होते. हल्ला त्याच्या नावावर जमा झाला असला, तरी त्या पहाटे प्रत्यक्ष हुकूम कुणी सोडले यावर वाद राहिला. पत्त्यावरून माणूस ओळखणाऱ्या व्यवस्थेला हे सांगता येणारही नव्हतं.

मे १९९६ मध्ये बेलोविन यांनी क्रमांक अंदाजापलीकडचे कसे करावेत याची रीत लिहून दिली आणि हळूहळू यंत्रांनी ती स्वीकारली. फट बुजली. मागची समजूत मात्र तशीच राहिली.

समजा, आजचं बंगळुरू

हा दुसरा घटनाक्रम काल्पनिक आहे, त्यातली प्रत्येक पायरी मात्र खरी आहे. रोज कुठेतरी चढली जाणारी.

सकाळी १०. एका ऑफिसात नवा स्टोरेज सर्व्हर लावला जातो. डिझाइनच्या आठ यंत्रांना फाइली द्यायच्या आहेत. लावणारी मुलगी एक्स्पोर्ट्सच्या यादीत आठ पत्ते लिहिते. नेटकं काम.

सकाळी ११:३०. नववा माणूस येतो, मग दहावा. शेजारचा म्हणतो, ‘‘अगं, प्रत्येक वेळी एकेक पत्ता कुठे देत बसतेस? सबनेटच टाक ना.’’ ती १९२.१६८.१.० च्या पुढे चोवीस टाकते. आठांच्या जागी आता २५४ पत्ते चालतील.

दुपारी २. रात्री आपोआप चालणाऱ्या कामांना रूट म्हणून लिहायचं आहे आणि सर्व्हर ‘परवानगी नाही’ म्हणतो. बरोबरच आहे, कारण पलीकडच्या रूटला सर्व्हर मुळात कुणीच मानत नाही. ही चाळणी बंद करणारा ‘नो रूट स्क्वॅश’ हा पर्याय ती लिहिते. कामं चालू होतात. म्हणजे २५४ पैकी कोणत्याही पत्त्यावरचा रूट हा आता सर्व्हरच्या फाइलींचाही रूट झाला.

दुपारी ४. एका यंत्रासाठी वेगळी ओळ लिहिताना पत्ता आणि कंस यांच्यात चुकून एक मोकळी जागा पडते. लिनक्सवर या जागेचा अर्थ असा : त्या पत्त्याला नेहमीचे पर्याय, आणि कंसातली वाचण्या-लिहिण्याची मुभा बाकी सगळ्यांना. चूक म्हणून काही अडत नाही, फार तर एक इशारा येतो. सर्व्हर ओळ स्वीकारतो.

संध्याकाळी ७. एक कंत्राटी इंजिनिअर काम संपवून जातो, त्याचा लॅपटॉप बंद होतो. काही वेळाने पत्त्याची मुदत संपते आणि पत्ते वाटणारा सर्व्हर तोच पत्ता पुढच्या पाहुण्याला देऊन टाकतो. यादीत पत्ता कायम, माणूस बदलला.

रात्री ११. त्या पत्त्यावरून फाइली मागितल्या जातात. सर्व्हर पत्ता पाहतो आणि देतो. कोणाच्या फाइली ते पाहण्यासाठी तो वापरकर्त्याचा क्रमांक बघतो, पण तो क्रमांक मागणारं यंत्रच सांगतं. आपल्याच लॅपटॉपवर १००५ क्रमांकाचा वापरकर्ता तयार करा, सर्व्हरवरच्या १००५ च्या फाइली तुमच्या. सर्व्हरच्या नोंदवहीत ओळ उमटते : ओळख पटलेली विनंती, अमुक पत्त्यावरून. १९९४ मधला घुसखोर क्रमांकांचं गणित करत होता. इथे गणितसुद्धा नको, एकाच नेटवर्कवर असलं की पुरे.

हा सगळा गोंधळ बंगळुरूत राहणाऱ्याला तरी नवा वाटायला नको. इथे जयनगरलाही फर्स्ट क्रॉस आहे, इंदिरानगरलाही आणि कोरमंगललाही. १९२.१६८.१.५ चं तसंच आहे. फेब्रुवारी १९९६ च्या नियमानुसार हे पत्ते खासगी वापरासाठी राखीव आहेत आणि ऑफिसागणिक, घरागणिक तोच पत्ता असतो. तो जागा सांगतो, तीही अर्धवट.

मग यादी फेकून द्यायची का?

नाही. पत्त्याची यादी चाळणी म्हणून उपयोगी आहे. सांबा या फाइली देणाऱ्या प्रोग्रामवर ‘होस्ट्स अलाउ’ लिहिलं तरी नंतर नाव आणि पासवर्ड विचारला जातोच. यादी फक्त दारापाशी गर्दी कमी करते. धोका तेव्हा सुरू होतो, जेव्हा चाळणीलाच ओळखपत्र मानलं जातं.

एनएफएससाठी ओळखपत्राची सोय कर्बेरोसने केव्हाच केली आहे. एमआयटीत १९८० च्या दशकात जन्मलेली ही व्यवस्था प्रत्येक विनंतीसोबत कोण मागतंय याचा पुरावा मागते. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली फक्त ओळख पटवते, दुसरी मजकुरात फेरफार झाला नाही याची खात्री देते, तिसरी मजकूर सांकेतिकही करते. वेगळा सर्व्हर लावावा लागतो, घड्याळं जुळवावी लागतात, किल्ल्यांच्या फाइली सांभाळाव्या लागतात. म्हणून ते काम ‘पुढच्या तिमाहीत करू’ म्हणून ढकललं जातं. २०२२ पासून एनएफएस टीएलएसच्या कवचातून नेण्याचीही अधिकृत रीत आहे. तीत यंत्राकडून प्रमाणपत्र मागता येतं, नुसता पत्ता नाही.

हे होईपर्यंत निदान इतकं करता येतं. पूर्ण सबनेटऐवजी मोजके, कायम ठेवलेले पत्ते लिहायचे. ज्यांना वाचायचंच आहे त्यांना लिहिण्याची मुभा द्यायची नाही. रूटची चाळणी बंद करायची वेळ आली, तर त्या कामासाठी वेगळी डिरेक्टरी आणि वेगळं नेटवर्क ठेवायचं. पाहुण्यांचं वाय-फाय स्टोरेजपर्यंत पोहोचू द्यायचं नाही. नोंदी दुसऱ्या यंत्रावर पाठवायच्या, कारण १९९४ ची चोरी त्यामुळेच सापडली. आणि शोमाउंटची चौकशी दुसरं कुणी करण्याआधी आपणच करायची, यादीबाहेरच्या एखाद्या यंत्रावर बसून. उत्तरात डिरेक्टरीपुढे तारांकन दिसलं, तर चहा नंतर घ्या. आधी ती मोकळी जागा शोधा.